पहिला तास शेजाऱ्याचा

(मंडळाच्या सन २०२४ च्या गणेशोत्सवात मंगळवार, दि. १० सप्टेंबर रोजी लोंढा येथे मंडळाच्या आरोग्य समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. अनेक सभासदांनी मागितल्यावरून स्मरणिकेत देत आहोत.)



आज घरोघरी गौरी आल्या आहेत. स्वयंपाकघरात उद्याच्या पूजेची तयारी चालली असेल, तरी तुम्ही आरतीनंतर थांबलात याबद्दल आधी आभार मानतो. आजचा विषय सणाच्या दिवशी घ्यावा की नाही, यावर आमच्या समितीतच दोन मते होती. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "बाप्पासमोर मरणाच्या गोष्टी कशाला?" त्यावर आमच्या आशाताई म्हणाल्या, "विघ्नहर्त्यासमोर विघ्नाचं नाव घ्यायचं नाही, तर मग कुणासमोर घ्यायचं?" तिथे वाद मिटला. योगायोगाने आज १० सप्टेंबर आहे. २००३ सालापासून जगभर हा दिवस आत्महत्या प्रतिबंध दिन म्हणून पाळतात. तेव्हा आज याच विषयावर बोलणार आहोत.

सुरुवातीलाच एक खुलासा. आम्ही डॉक्टर नाही. समितीत दोन निवृत्त रेल्वे कर्मचारी, एक शिक्षिका, एक आशाताई आणि एक औषध दुकानदार आहोत. जे अनुभवले, वाचले आणि जाणकारांकडून समजून घेतले, तेवढेच सांगणार आहोत.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. ज्याच्याबद्दल सांगतो त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एक पंचविशीतला मुलगा गोव्यात नोकरीला होता. नोकरी सुटली, म्हणून गावी परत आला. गाडी घेण्यासाठी त्याने मामाकडून पैसे घेतले होते, ते फिटले नव्हते. महिनाभर तो फारसा कुणाशी बोलला नाही. आपल्याकडे अशा मुलाला लोक 'शांत झालाय' म्हणतात आणि आईबापांना बरेच वाटते. एका रात्री साडेदहाच्या सुमारास त्याचा मित्र धावत आमच्या एका सभासदाच्या दारात आला. म्हणाला, "काका, त्यानं त्याचा मोबाईल मला देऊन टाकलाय. म्हणाला, आता मला नको. मला ते बरोबर वाटलं नाही."

त्या मित्राला ते बरोबर वाटले नाही, म्हणून तो मुलगा आज आहे. ही गोष्ट तरुण मुलांनी लक्षात ठेवावी.

आम्ही चौघे गेलो. पाऊस कोसळत होता, वीज गेली होती. शेजाऱ्याची ट्रॅक्स काढली, मुलाला, त्याच्या मामाला घेतले आणि शहरातला एक दवाखाना गाठला. तोवर मध्यरात्र उलटून गेली होती. ड्यूटीवर तरुण डॉक्टर होते, वागायला चांगले होते. त्यांना कन्नड आणि इंग्रजी येत होते. मुलाला मराठी आणि गोव्यात शिकलेली कामापुरती हिंदी येत होती. मग मामा पुढे झाले आणि दुभाषी झाले. डॉक्टरांनी विचारले, काय होतंय? मामांनी विचारले, "काय होतंय रे तुला?" मुलगा मामांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पोटात दुखायलंय."

डॉक्टरांनी पोट तपासले, इंजेक्शन दिले, गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही परत निघालो. डॉक्टरांचा यात दोष नाही. मामांचाही नाही. ज्या माणसाचे पैसे द्यायचे आहेत, त्याच माणसाच्या तोंडून 'मला जगावंसं वाटत नाही' हे कोण सांगणार? ताप, खोकला, मोडलेला हात दुसऱ्याच्या तोंडून सांगता येतो. हे सांगता येत नाही.

परतीच्या वाटेवर मामांचा पुढच्या सीटवर डोळा लागला. मागे आमचे एक निवृत्त गार्ड त्या मुलाशेजारी बसले होते. त्यांनी हळूच विचारले, "बाळ, मरायचा विचार मनात आहे का?" तो मुलगा घळाघळा रडला आणि मग घर येईपर्यंत बोलत राहिला. त्या रात्री आम्ही त्याच्या घरी आळीपाळीने जागलो. सकाळी १४४१६ हा नंबर लावला. फोनवर मराठी निवडता आली. रेंज फक्त परसातल्या फणसाखाली येत होती, म्हणून तो तिथे उभा राहून पाऊण तास बोलला. पुढे त्याच्यावर कित्येक महिने रीतसर उपचार झाले. मामांना सगळे कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पैशाचं काय एवढं, मला एकदा सांगायचं होतं."

त्या रात्रीनंतर आम्ही वारंवार एकच विचार करत राहिलो. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या मुलावर ही वेळ आली असती तर? बेंगळुरूत आली असती तर? मनाचे दुखणे गाव बघून येत नाही, पण मदत मात्र गाव बघून येते. आमच्या लोंढ्याच्या मुलाला ती चार अडथळे ओलांडून मिळवावी लागली. अंतर, भाषा, पैसा आणि भीती. या चारही गोष्टींबद्दल क्रमाने बोलतो.

आधी थोडे आकडे सांगतो, म्हणजे हा एकट्या आपल्या गावचा प्रश्न नाही हे कळेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आत्महत्या केली. सर्वांत जास्त महाराष्ट्रात, २२ हजार ७४६. कर्नाटकात १३ हजार ६०६. म्हणजे आपण ज्या दोन राज्यांच्या मध्ये राहतो, ती दोन्ही या यादीत वर आहेत. गेलेल्यांत दर दहामागे सात पुरुष होते. चौथ्या हिश्शाहून जास्त लोक रोजंदारीवर पोट भरणारे होते. आणि गेलेल्या स्त्रियांत निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. या प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे. या मंडपातही अशी घरे आहेत हे आम्ही जाणतो. त्या घरांना आज दुखवण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी काही कमी केले असेही कुणी समजू नये.

आता पहिला अडथळा, अंतर. लोंढा जंक्शन आहे. गोव्याची, हुबळीची, बेळगावची गाडी इथून जाते. नकाशावर पाहणाऱ्याला वाटेल, यांना कसली अडचण? पण रात्री अकरा वाजता आजारी माणसाला घेऊन निघालात तर खानापूर सुमारे २५ किलोमीटर, बेळगाव त्याच्या दुप्पट आणि धारवाड सत्तरच्या आसपास. गोव्याला जायचे तर अनमोडचा घाट उतरावा लागतो. आणि आपण तरी रस्त्यावर आहोत. भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, तळेवाडी, गवाळी, कृष्णापूर या गावांचा विचार करा. पावसाळ्यात तिथून आजाऱ्याला खांद्यावर घालून चिखलातून आणावे लागते. धनगर-गवळ्यांच्या वाड्यांवर फोनची रेंजही मिळत नाही. ज्याचा पाय मोडलाय त्याला खांद्यावर घेऊन यायला दहा माणसे धावतात. ज्याचे मन मोडलेय त्याला कोण खांद्यावर घेणार? त्याचे दुखणे दिसतच नाही.

देशाच्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ साली, असे आढळले की औदासीन्य आणि चिंतेसारख्या नेहमीच्या आजारांत दर शंभरांतल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ही सरासरी आहे. रस्त्यापासून जितके आत जाल तितकी ती वाईट होणार, हे सांगायला तज्ज्ञ नको.

दुसरा अडथळा भाषेचा. यात राजकारण आणायचे नाही, असे आम्ही ठरवून आलो आहोत. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आवाज चढतो, पण हा आवाज चढवायचा विषय नाही. एक साधा शब्द घ्या, 'बेजार'. मराठीत कुणी म्हणाले, मी बेजार झालोय, तर त्याचा अर्थ तो त्रासून, पिचून गेला आहे. कन्नडमध्येही 'बेजारू' शब्द आहे, पण तिथे कंटाळा आला, वाईट वाटले इतपतही तो वापरतात. आता आपला माणूस कन्नड डॉक्टरांसमोर बसला आणि म्हणाला, "साहेब, फार बेजार झालोय." शब्द दोघांच्या ओळखीचा, म्हणून दोघांनाही वाटते की समजले. आणि नेमके तिथेच हुकते. 'जीव नकोसा झालाय', 'कशात मन लागेना', 'डोक्यात नुसता कालवा' ही आपल्या बायाबापड्यांची बोलायची रीत. हे जसेच्या तसे ऐकणारा कुणीतरी पलीकडे असायला हवा.

आणि हे फक्त मराठी माणसासाठी मागायचे नाही. इचलकरंजीत, कोल्हापुरात कामाला गेलेल्या कन्नड मजुराचीही हीच अडचण होते. आपल्याच रेल्वे कॉलनीत तेलुगू, तमिळ, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारी घरे आहेत. ज्याला त्याला त्याच्या आईच्या भाषेत रडता आले पाहिजे, एवढीच मागणी आहे.

तिसरा अडथळा पैसा. रोजंदारीवाला बेळगावला गेला की त्याची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याची बुडते, गाडीभाडे जाते. मनाच्या आजाराला एक फेरी पुरत नाही. औषध लागू व्हायलाच काही आठवडे जातात, आणि दोन फेऱ्यांत 'काही फरक नाही' म्हणून माणूस घरी बसतो. बाईची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्या हातात पैसा नसतो, फोन नवऱ्याचा असतो, आणि 'मला मनाच्या डॉक्टरकडे जायचंय' असे सासरी सांगायची सोय नसते.

चौथा अडथळा भीती, आणि ही सर्वांत मोठी. लोक काय म्हणतील ही एक भीती. पोलीस केस होईल ही दुसरी. या दुसऱ्या भीतीपायी कितीतरी घरांनी जखमी, विष बाधलेले माणूस सरकारी दवाखान्यात न नेता घरीच ठेवले आणि सोन्यासारखा वेळ घालवला. ही भीती कुठून आली आणि आज तिच्यात किती तथ्य उरले आहे, हे नीट ऐका.

१८६० सालच्या भारतीय दंड विधानात कलम ३०९ होते. जीव देण्याचा प्रयत्न केला आणि वाचला, तर कैद किंवा दंड. या कलमाला मोठा धक्का बसला तो एका मराठी माणसाच्या प्रकरणात. मुंबई पोलीस दलातला एक शिपाई अपघातात डोक्याला मार बसून मनोरुग्ण झाला. पुढे महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. तो वाचला आणि त्याच्यावर खटला भरला. मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे-पाटील यांच्यापुढे प्रकरण गेले आणि १९८६ साली त्यांनी हे कलमच घटनाबाह्य ठरवले. ज्याला आधाराची गरज आहे त्याला तुरुंगात घालणे हा उपाय होऊ शकत नाही, अशी त्यामागची दृष्टी होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तोच कौल दिला, पण १९९६ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरवला आणि कलम पुन्हा जिवंत झाले.

मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. तो २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम ११५ सांगते की, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरायचे आणि त्याला शिक्षा करायची नाही. उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. आणि यंदा १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम ३०९ घेतलेलेच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचे एक वेगळे कलम तेवढे आहे. दवाखाना पोलिसांना कळवेल, नोंद होईल, जबाब घेतला जाईल. त्याला घाबरू नका. आधी माणूस दवाखान्यात पोहोचवा. तातडीच्या वेळी सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही डॉक्टरने कागदपत्रांसाठी उपचार अडवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवले आहे.

याच २०१७ च्या कायद्यात बाकीच्या अडथळ्यांबद्दलही लिहिले आहे. आम्ही वाचले तेव्हा आम्हालाच नवल वाटले. कलम १८ म्हणते, सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चाललेल्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. ते परवडणारे असावेत आणि जात, धर्म, लिंग, वर्ग असा भेद त्यात नसावा. रुग्णाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा तो राहतो त्याच्या जवळ असावी, हेही त्यातच आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी सेवेत मोफत उपचार आहेत. कलम २२ म्हणते, रुग्णाला आणि त्याच्या नेमलेल्या प्रतिनिधीला आजाराची आणि उपचाराची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. आणि कलम ९४ प्रमाणे जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मग तो मनोविकारतज्ज्ञ नसला तरी, तातडीचे उपचार सुरू करू शकतो. त्याला ७२ तासांची मर्यादा आहे. म्हणजे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही पहिला उपचार होऊ शकतो.

कायदा झाला म्हणजे सेवा आली असे नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण आपण जे मागतो ते उपकार म्हणून मागत नाही, एवढे या कलमांमुळे पक्के झाले.

आज हाताशी काय आहे तेही सांगतो. 'टेली मानस' ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, वीस भाषांत सोय आहे. त्यात मराठी आहे, कन्नडही आहे. धारवाडला 'डिमहान्स' ही सरकारी संस्था आहे. १८४५ साली, धारवाड मुंबई इलाख्यात असताना, वेड्यांचे इस्पितळ म्हणून ती सुरू झाली. आपल्या आजीआजोबांच्या बोलण्यात 'धारवाडला पाठवा' ही शिवी होती. आता ते मनोविकारांचे शिक्षण आणि उपचार करणारे केंद्र आहे. ती शिवी आपण तोंडातून काढून टाकावी. बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार होतात. शिवाय कर्नाटक सरकारच्या 'मनोचैतन्य' योजनेत मंगळवारी तालुका रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञांनी येऊन तपासायचे असते. खानापूरला कोणत्या वेळी येतात ते विचारून समिती फलकावर लिहील. आले नाहीत तर तेही लिहील.

आता कुणी विचारेल, मोठ्या शहरात डॉक्टर, इथे कोण? याचे उत्तर घाटाखाली मिळाले आहे. गोव्यात 'संगथ' ही संस्था १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिक्षण देऊन समुपदेशक केले. तीव्र औदासीन्याच्या रुग्णांनाही त्यांच्या सहा-आठ बैठकांचा उपयोग होतो, हे शास्त्रीय चाचणीने दाखवले आणि २०१७ साली ते जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्याच संस्थेने विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालवला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेला तो भाग. गावातले कार्यकर्ते घरोघर गेले, बोलले, गरज पडेल त्याला समुपदेशकाकडे आणि तिथून डॉक्टरकडे नेले. आधी औदासीन्याच्या दर शंभर रुग्णांत जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण सत्तावीसवर गेले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. तिथे मोठी इस्पितळे उभी राहिली नव्हती. गावातलीच माणसे शिकली आणि दारापर्यंत गेली.

म्हणून आमचे म्हणणे असे की, सरकारची सेवा दारात येईपर्यंत पहिला तास शेजाऱ्याचा आहे. जीव देण्याची तीव्र ओढ बहुतेकदा लाटेसारखी येते. ती वाढते आणि ओसरते. तेवढा वेळ माणूस एकटा राहिला नाही, तर पुष्कळदा तो वाचतो. त्या तासात काय करायचे ते सांगतो.

एक, चिन्हे ओळखा. आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, उगाच सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखे बोलणे, 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास' असे वारंवार म्हणणे, झोप उडणे, दारू एकाएकी वाढणे. फार दिवसांच्या घालमेलीनंतर अचानक अगदी शांत होणे हेही चिन्हच आहे.

दोन, सरळ विचारा. "मरायचा विचार येतो का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. आमच्या गार्डसाहेबांनी विचारले म्हणून तो मुलगा बोलला. विचारून झाले की ऐका. 'तुला काय कमी आहे', 'आईबापाचा तरी विचार कर' असले काही बोलू नका. त्याने तो विचार केलेलाच असतो.

तीन, एकटे सोडू नका आणि धोक्याच्या वस्तू हाताशी ठेवू नका. शेतीची औषधे कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या, शक्यतो घरात साठवूच नका. श्रीलंकेने अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि वीस वर्षांत तिथले आत्महत्येचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. साधन हाताशी नसले की ओढीची ती लाट ओसरायला वेळ मिळतो.

चार, मदत बोलवा. १४४१६ लावा. इजा झाली असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा, किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या दवाखान्यात न्या. दुभाषी म्हणून घरच्या माणसाला उभे करू नका. आमच्याकडून झालेली चूक तुम्ही करू नका. रुग्णालाच हळूच विचारा, "तुझ्यासोबत कोण आत येऊ?"

पाच, दुसऱ्या दिवशीही जा. आठवड्याने जा, महिन्याने जा. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे दिवस फार जपायचे असतात. चौकशी करा, पण चौकात चर्चा करू नका.

समितीने मंडळापुढे तीन ठराव ठेवले आहेत. रात्री-अपरात्री गाडी देणाऱ्या पाच घरांची यादी करावी आणि डिझेलचा खर्च वर्गणीतून द्यावा. दवाखान्यात सोबत जाण्यासाठी मराठी-कन्नड दोन्ही नीट बोलणारे चार जण, त्यांत दोन स्त्रिया, तयार कराव्यात. ऐकलेले पोटात ठेवणे ही त्यांची पहिली अट. तिसरा ठराव असा की, आरोग्य केंद्रांत, तालुका रुग्णालयात आणि स्थानकावर १४४१६ चा आणि रुग्णाच्या हक्कांचा फलक कन्नडसोबत मराठीतही लावावा, असे निवेदन द्यावे. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व देशात मान्य झालेले आहे. जीव वाचवणाऱ्या सूचनेहून महत्त्वाची सूचना कोणती?

शेवटी भगिनींना एक विनंती. आज गौर माहेरी आली आहे. तुमच्या घरीही माहेरवाशिणी आल्या असतील. उद्या पुरणपोळी वाढताना त्यांच्या साड्यांचे कौतुक करालच. पण एकदा, स्वयंपाकघरात कुणी नसताना, शेजारी बसून विचारा, "कशी आहेस ग खरंच?" आणि तिने लगेच "बरी आहे" म्हटले तर उठू नका. आणखी थोडा वेळ बसा.

तो मुलगा आज कुठे आहे ते आम्ही सांगणार नाही. बरा आहे, कामावर आहे. मामांचे पैसे हप्त्याने फेडतोय. गेल्या महिन्यात त्याने आमच्या गार्डसाहेबांना फोन केला. म्हणाला, "काका, माझ्या ओळखीतल्या एकाचं लक्षण बरोबर दिसेना. काय करू?" गार्डसाहेबांनी विचारले, "तू आता कुठं आहेस?" तो म्हणाला, "त्याच्या शेजारीच बसलोय."

गणपती बाप्पा मोरया!